मॉरिसला कोणतं तेल घालू

२२ सप्टेंबर १९९७, सोमवार

तीन पानं. मागून-पुढून लिहिलेली तीन पानं, आणि त्यात तेलाचा नंबर नाही. मी काय विचारलं होतं? एवढंच की डबा संपला, काश्मिरी गेटचं ते जुनं दुकान बंद झालं, आता मॉरिसच्या इंजिनात कोणत्या नंबरचं ऑइल घालू. कार्डावर मावेल एवढा प्रश्न. साहेबांनी लिहिलंय काय, तर अठ्ठावन्न साली गाडी जुनी घेतली तेव्हा ते आणि त्यांच्या मिसेस कल्पनाबाई आग्र्याला गेले, मथुरेच्या अलीकडे टायर बसला, बाई रस्त्याकडेला सतरंजी टाकून पेरू खात बसल्या. पेरवांची गोष्ट मला पाठ आहे. शेवटी लिहिलंय, तुमच्या हातचं पिठलं इथे कुणाला जमत नाही. तेलाचं विचारलं तर पिठलं.

हाच माणूस आर. के. पुरमला असताना फायलीवर एका ओळीच्या वर लिहायचा नाही. माझा नवरा हणमंत त्यांच्या ऑफिसची गाडी चालवायचा, तो सांगायचा. रिटायर झाल्यावर माणसाला कागद स्वस्त वाटतो की काय कोण जाणे.

आज तीन मिनिटं. सुरू झाली. खोकली जरा.

२४ सप्टेंबर, बुधवार

ही वही साहेबांनीच लावून दिली. कल्पनाबाई वारल्या आणि ते लेकीकडे, विनूकडे, पुण्याला राहायला निघाले तेव्हा म्हणाले, भानुताई, आठवड्यातून एकदा इंजिन वीस मिनिटं चालवायचं, तारीख आणि वेळ लिहायची. किल्ली कुठे, चोक किती ओढायचा, स्टार्टरची मूठ कशी ओढायची, सगळं दाखवलं. गुडगावचं हे घर, वरचा भाडेकरू, गाडी, झाडं, सगळं माझ्यावर टाकून गेले. येत्या डिसेंबरात तीन वर्षं होतील. तारीख-वेळ लिहून पान उरतं, म्हणून मी बाकीचं लिहायला लागले. पहाडगंजच्या मराठी शाळेत चौथीपर्यंत गेले त्याचा एवढाच उपयोग. हे कुणाला दाखवायला नाही.

वीस मिनिटं मात्र मला कधी जमली नाहीत. गॅसवर डाळ, नळाला पाणी, आणि इंजिनाशेजारी वीस मिनिटं उभं राहायचं? धूर होतो, शेजारच्या चोप्रीणबाई खिडक्या आपटतात. म्हणून पहिल्या महिन्यातच मी सोय केली. रोज तीन मिनिटं. सात त्रिक एकवीस. साहेबांनी सांगितल्यापेक्षा एक मिनिट जास्तच. देवापुढे दिवा लावते, मग खाली जाऊन गाडी सुरू करते. एक दिवस चुकला नाही, ताप होता तरी नाही. साहेबांना हे कळवायची गरज वाटली नाही. एकवीस ते एकवीस.

२८ सप्टेंबर, रविवार

विनूचा फोन. तिला मी परकर-पोलक्यात असल्यापासून जेवायला घातलंय, म्हणून आवाजावरून कळतं काही मागायचंय.

"मावशी, कशी आहेस?"

"तुझ्या फोनचं मीटर चाललंय. काय ते बोल."

हसली. मग सांगितलं. घरासाठी एक बिल्डर मागे लागलाय. हे पाडून चार मजले चढवणार, एक मजला त्यांना देणार. आपल्या गल्लीतली तीन घरं अशी गेलीच. वर्ष संपायच्या आत हो की नाही सांगायचं आहे.

"बाबा नाही म्हणतात. म्हणतात गाडी तयार आहे, थंडीत मी परत जातो, गाडी चालू आहे तोवर घर विकायचं नाही. सगळं त्या गाडीवर अडलंय. मावशी, तू मला खरं सांग. गाडी चालते ना?"

"रोज सुरू होते."

"रस्त्यावर चालेल?"

"न चालायला काय झालं?"

मग म्हणाली, "आणि हे बघ, बाबांना तेलाचं सारखं विचारू नकोस. तुझं कार्ड आलं की दिवसभर कपाटं उघडत बसतात."

हे मला समजलं. गाडीची गोष्ट निघायला नको, म्हणजे साहेब विसरतील आणि घर मोकळं होईल. शहाणी आहे. माझी खोली गॅरेजवर आहे. गॅरेज गेल्यावर खोली हवेत लटकणार नाही.

साहेबांना दुसरं कार्ड टाकलं. तेलाचा नंबर कळवा.

२ ऑक्टोबर, गुरुवार

सुट्टी होती, वरचा साकेत घरी. मुंबईचा मुलगा, कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, स्वतःची मारुती आहे. तेलाचं ऐकून एक डबा घेऊन आला. सोनेरी डबा, वर शर्यतीच्या गाडीचं चित्र.

"काकू, हे टाका बिनधास्त. फुल सिंथेटिक. एकदम लेटेस्ट."

"गाडी तुझ्या वडिलांच्या वयाची आहे."

"मग तर बेस्ट केअर हवी ना, यार."

मी त्याला काकू, मग यार कशी? तरी डबा ठेवून घेतला. बाजारात जाऊन बघून आले. पूर्वी तेल म्हणजे ड्रमातून मापानं द्यायचे, काळा हात, पिवळं तेल. आता भिंतभर डबे, लाल-निळे-सोनेरी. दुकानदार विचारतो, मॅडम, कौनसी गाडी? मॉरिस म्हटलं तर त्यानं आतून भावाला बोलावलं, दोघं मिळून हसले. मी म्हटलं, हसून झालं की नंबर सांगा. त्यांना माहीत नव्हता.

तीन मिनिटं. सुरू व्हायला आज चार वेळा मूठ ओढली.

५ ऑक्टोबर, रविवार

तरसेम सिंग मिस्तरी आले. हणमंतच्या ओळखीचे, सत्तरीला आले असतील, जुन्या रेल्वे रोडला छोटं गॅरेज आहे. मी बोलावलं ते फक्त तेलाचा नंबर विचारायला. त्यांनी बॉनेट उघडलं, इंजिनाच्या डोक्यावरचं तेलाचं झाकण फिरवून काढलं आणि मला दाखवलं.

झाकणाच्या आतून लोणी लागलं होतं. खरंच लोणी, कॉफीच्या रंगाचं, चिकट.

"बीबीजी, इसे कितनी देर चलाते हो?"

"तीन मिनट. रोज."

"रोज?"

"तीन साल से. एक दिन नहीं छूटा."

त्यांनी झाकण हळूच परत लावलं. माझ्याकडे न बघता बोलले. इंजिन थंड असतं तेव्हा आत हवेतलं पाणी धरतं, जळलेल्या पेट्रोलचंही पाणी होतं. अर्धा तास रस्त्यावर पळवलं तर तेल तापतं, पाणी उडून जातं. तीन मिनिटांत इंजिन गरमच होत नाही. पाणी येतं पण जात नाही. रोज थोडं थोडं तेलात मिसळतं.

"आठ दिन में एक बार गरम करते तो भी चलता. ना चलाते तो भी इतना ना बिगड़ता. रोज तीन मिनट ने मार दिया."

मी म्हटलं, एकवीस मिनिटं होतात आठवड्याची. ते म्हणाले, "बीबीजी, रोटी को एक-एक मिनट सात दिन सेंको, पकेगी?"

मला राग आला. त्यांचा नाही. पण चहा त्यांच्यापुढे आपटला मी.

६ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी दिवा लावला आणि सवयीनं जिना उतरले. गॅरेजचं दार उघडलं. किल्ली हातात. मग परत वर आले.

काय लिहू? शून्य मिनिटं.

८ ऑक्टोबर, बुधवार

मागच्या वह्या काढून बघितल्या. तीन मिनिटं, तीन मिनिटं, तीन मिनिटं. साहेबांची जुनी पत्रंही डब्यात आहेत, ती वाचली. प्रत्येक पत्रात एक ओळ आहे. रेडिएटरला हात लावून बघता ना? गरम लागतो ना? आणि मी प्रत्येक कार्डात लिहिलंय, लागतो.

मी कधी हात लावला नाही. इंजिन चालू आहे म्हणजे गरम होणारच, त्यात बघायचं काय, असं वाटलं. खोटं बोलावं म्हणून लिहिलं नव्हतं. घाई होती. पण कागदावर खोटंच दिसतं.

विनूला सांगितलं तर घर जाईल. साहेबांना सांगितलं तर काय जाईल ते मला ठरवता येत नाही. न सांगितलं तर कुणालाच कळणार नाही, झाकण पुसून ठेवता येतं.

११ ऑक्टोबर, शनिवार

दसरा. गाडी धुतली, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. दर वर्षी पूजा झाली की इंजिन सुरू करते. या वर्षी नाही. साकेत म्हणाला, "काकू, स्टार्ट नाही करणार?" म्हटलं, तिला बरं नाही. तो हसला, त्याला वाटलं मी विनोद केला.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

साहेबांचं पत्र. दोनच पानं, म्हणून जरा बरं वाटलं. वाचलं तर पुन्हा मथुरा, पुन्हा टायर, पुन्हा पेरू, शब्दाला शब्द तेच. खाली: तेलाचा डबा संपत आला की वेळेवर कळवा. अहो, दोन कार्डं टाकलीत. माझं कार्ड वाचायचंच नाही असं ठरवलंय का? अक्षरही कसं, ओळी खाली घसरत गेल्यात, पत्ता विनूच्या अक्षरात. चष्मा बदला म्हणावं.

मी ठरवलं, इंजिन उघडायचं. विचारत बसले तर बिल्डर येऊन उभा राहील.

१९ ऑक्टोबर, रविवार

तरसेम सिंग सकाळीच आले. गाडीखाली सतरंजी टाकून झोपले, इंजिनाच्या तळाला तेल साठतं त्या चेंबरचा नट सोडला. आधी पाणी आलं. वाटीभर, गढूळ. मग तेल, तेही ताकासारखं. ते माझ्या हातचं पाणी होतं.

चेंबर काढला. तळाशी काळा चिखल, बोटभर. तो सगळा माझा नाही, चाळीस वर्षांचा आहे, असं मिस्तरी म्हणाले. साधं तेल मळ धरून ठेवत नाही, खाली बसू देतं. मळ तिथे गुपचूप बसला होता म्हणून गाडी चालत होती.

"साहेबांनी चुकीचं तेल घातलं म्हणता?"

"गलत नहीं. तब यही मिलता था."

मी रॉकेल आणलं, चिंध्या आणल्या, बसून चेंबर घासला. दोन तास. मिस्तरी म्हणाले राहू द्या, मी म्हटलं, तुम्ही वरचं बघा. वर बेअरिंगवर गंजाचे डाग होते पण खोल नव्हते. "बच गई," म्हणाले.



२० ऑक्टोबर, सोमवार

आता तेल. मिस्तरींनी तीन रस्ते सांगितले, ते लिहून ठेवते.

साकेतचा सोनेरी डबा नको. ते तेल फार निसरडं आणि पातळ, इंजिनाच्या सांध्यांतल्या जुन्या सिला त्याला अडवत नाहीत, मागून टपकत राहील. त्याचा डबा त्याला परत दिला, तोंड पडलं त्याचं.

साधं तेल अजून मिळतं, ट्रॅक्टरवाल्यांकडे. साहेब तेच घालायचे, तीस नंबर, तेव्हा तेच मिळायचं. गाडीला सवय आहे. पण थंडीत दाट होतं. गाडी आठ-पंधरा दिवस उभी राहिली की वरचं सगळं तेल निथळून खाली जातं, आणि सुरू केल्यावर ते वर चढेपर्यंत वेळ लागतो. "जितनी देर तेल नहीं पहुँचता, उतनी देर लोहा लोहे को खाता है."

तिसरं वीस-पन्नास. थंडीत वीससारखं वाहतं, तापल्यावर पन्नाससारखं दाट राहतं. त्यात मळ धुण्याचा मसाला आहे. चेंबर न उघडता घातलं असतं तर मळ सुटून बारीक वाटा बुजल्या असत्या, इंजिन गेलं असतं. आता आतून साफ आहे, आता चालेल. पण दर सहा महिन्यांनी बदलायचं, गाडी पन्नास मैल चालो की पाच. तेल उभ्या उभ्याही खराब होतं म्हणाले. मला वाटायचं वापरलं नाही तर टिकतं.

ठरवा म्हणाले. मी म्हटलं दोन दिवस द्या. मी, जी भाजीवाल्याला दोन मिनिटं देत नाही.

२२ ऑक्टोबर, बुधवार

एकदा साहेबांचं सांगणं बदललं तर हे झालं. आता पुन्हा त्यांना न विचारता बदलू? त्यांची गाडी, त्यांचा तीस नंबर. तीस घातलं तर उद्या कुणी बोट दाखवू शकत नाही, साहेब घालायचे तेच घातलं म्हणेन.

पण ते तीस घालायचे तेव्हा दर रविवारी गाडी बाहेर जायची. बाई पुढे, विनू मागे, कधी कुतुब, कधी सूरजकुंड. ती गाडी वेगळी, ही वेगळी. ही उभी असते. उभ्या गाडीला चालत्या गाडीचं तेल घालून काय होणार?

मी चुकले ते बदललं म्हणून नाही. न सांगता बदललं, आणि का सांगितलंय ते विचारलं नाही. वीस मिनिटं कशासाठी, एवढं त्या दिवशी विचारलं असतं तर साहेबांनी आनंदानं तासभर सांगितलं असतं. म्हणूनच विचारलं नाही. तासभर कोण ऐकणार.

वीस-पन्नास. माझ्या जबाबदारीवर.

२६ ऑक्टोबर, रविवार

तेल भरलं, फिल्टर बदलला. मिस्तरींनी आधी प्लग काढून इंजिन नुसतं फिरवलं, तेल वर चढू दिलं, मग प्लग लावून सुरू केली. पहिल्याच ओढीला. आवाज कसा, तर शिलाई मशीन घरात चालावं तसा.

"चलो बीबीजी, सड़क पर."

मी मागचं दार उघडलं. ते म्हणाले, "आगे बैठो. पीछे बैठोगी तो मैं ड्राइवर लगूँगा."

हणमंतनं आयुष्यभर गाड्या चालवल्या, मी त्याच्याशेजारी कधी बसले नाही, सरकारी गाडी होती. मॉरिसमध्ये पुढची जागा बाईंची. बसले. जयपूर रस्त्यानं मानेसरच्या बाजूला गेलो. दोन्हीकडे कारखान्यांच्या भिंती उठतायत, कंपन्यांच्या बसमधली पोरं वाकून वाकून बघत होती. एकानं सलाम ठोकला. मिस्तरींनी हॉर्न दिला. पस्तीस मिनिटं गेलो-आलो.

घरी आल्यावर मी रेडिएटरला हात लावला. चटका बसला. बोट अजून लाल आहे. तीन वर्षं मी "लागतो" लिहीत होते, तो हा गरम.

मिस्तरी म्हणाले, महिन्यातून एकदा मी येईन, त्याहून जास्त माझ्याच्यानं होणार नाही. आणि मी किती दिवस? गाडीला चालवणारा माणूस पाहिजे, तेल कोणतंही असो.

३० ऑक्टोबर, गुरुवार

दिवाळी. विनूचा फोन. सगळं सांगितलं तिला, लोणी, पाणी, तीन मिनिटं. म्हटलं, मी तुला चालते म्हणून सांगितलं तेव्हा ती चालत नव्हती. आता चालते. मानेसरच्या बाजूला जाऊन आले.

तिला राग येईल वाटलं. ती रडायलाच लागली. "मावशी, तू गाडी नीट केलीस?"

"मग काय करणार होते?"

"मला वाटलं होतं गाडीच नाही म्हणशील. मग सोपं झालं असतं बाबांना सांगायला."

म्हटलं, साहेबांना दे. मागे बराच वेळ काही हललं. मग साहेब. आवाज तसाच, भारी.

"कल्पना?"

"भानुमती बोलतेय, साहेब."

"हो, हो. भानुताई. गाडी तयार आहे ना?"

"तयार आहे. तेल बदललंय, वीस-पन्नास घातलंय. माझं चुकलं होतं, ते पत्रात लिहिते."

"उत्तम. आग्र्याला जाऊ."

विनूनं फोन घेतला, म्हणाली नंतर बोलू. साहेब चेष्टेत होते, बरं वाटलं. पण येणार कधी ते बोलले नाहीत. आधी कल्पना म्हणाले, पण लाइनवर खरखर असते, आवाज ओळखू आला नसेल.

११ नोव्हेंबर, मंगळवार

बिल्डरचा माणूस आज टेप घेऊन आला, गॅरेजची लांबी मोजायला लागला. मी म्हटलं, आत गाडी आहे, हात लावायचा नाही. तो म्हणाला, आंटीजी, ये तो कबाड़ है. मी किल्ली लावली, सुरू केली आणि वीस मिनिटं त्याच्यासमोर चालवली. उभ्यानं चालवू नये ते माहीत आहे. पण त्याला उभं राहावं लागलं.

आज पत्र लिहून पोस्टात टाकलं. कार्ड नाही, आंतर्देशीय. काय लिहिलं ते इथे उतरवून ठेवते, म्हणजे नंतर मी असं लिहिलंच नव्हतं असं मलाच म्हणता येणार नाही.

"साहेबांस भानुमतीचा नमस्कार.

तुम्ही आठवड्याला वीस मिनिटं सांगितली होती. मी रोज तीन मिनिटं चालवली, तीन वर्षं. तुम्हाला कळवलं नाही. रेडिएटर गरम लागतो असं लिहीत होते, हात लावत नव्हते. त्यानं इंजिनात पाणी झालं. आता ते काढलंय, चेंबर मी स्वतः घासलाय, वीस-पन्नास तेल घातलंय. तीस घालायला हवं होतं असं वाटत असेल तर आल्यावर बोला, मी ऐकून घेईन, तासभर बोललात तरी.

तेलाचा नंबर आता नको. ते झालं. आता दुसरं विचारते. हे तेल सहा महिने राहतं, आणि गाडी रस्त्यावर गेली तरच राहतं. मिस्तरी महिन्याला एकदा येतील. बाकीचे रविवार कुणाचे? विनूला वर्ष संपायच्या आत घराचं सांगायचंय. तुम्ही तिला म्हणता थंडीत येतो, मला म्हणता आग्र्याला जाऊ. थंडी इथे सुरू झाली.

येणार असाल तर येतो लिहा. येणार नसाल तर नाही लिहा, मी विनूला अडवणार नाही आणि माझं मी बघेन. मथुरेचं लिहू नका, पिठल्याचं लिहू नका. विनूकडून लिहून घेऊ नका. एक शब्द, तुमच्या स्वतःच्या हातचा. पंचवीस तारखेला मंगळवार आहे. त्या दिवशीच्या टपालानं मला तो मिळाला पाहिजे."